नवख्याला कुठलं काम द्यायचं? लिबरऑफिसच्या ‘ईझी हॅक्स’चं प्रकरण

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या प्रकल्पांत, उतरू पाहणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘मी नेमकं काय करू?’ प्रोग्रामिंग येत असतं, कोडमधले बदल नोंदवणारं गिट थोडंफार हाताळलेलं असतं, प्रकल्पही मनात ठरलेला असतो. पण त्या प्रकल्पाची बगची, म्हणजे चुकांची, यादी उघडली की हजारो नोंदी समोर येतात आणि त्यांतली कुठली आपल्या आवाक्यातली, हे काही केल्या उमगत नाही. एका ओळीच्या शीर्षकामागे तासाभराचं काम आहे की वर्षभराचं, हे त्या नोंदीवरून कळायला मार्ग नसतो. ब्राझीलचे संशोधक इगोर स्टाइनमाखर यांनी ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्यांच्या अडथळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या यादीत ५८ अडथळे जमले. सुरुवात करण्याजोगं काम न सापडणं हा त्यांतला एक, आणि माझ्या अनुभवात लोक सर्वांत जास्त गळतात ते इथेच.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांची अडचण दुसऱ्या टोकाची. सोपं काम त्यांना स्वतःला दहा मिनिटांत उरकता येतं, ते दुसऱ्याला समजावून सांगायला तास जातो. त्यामुळे सोपी कामं जाता जाता संपतात आणि यादीत उरतात ती कोणालाच न सुटलेली. मग कोणीतरी त्यांतल्याच काहींवर ‘नवख्यांसाठी’ असं लेबल चिकटवतं.

या कोंडीतून वाट काढण्याचा सर्वांत दीर्घ आणि उघड्यावर झालेला प्रयत्न मला माहीत आहे तो लिबरऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरचा. ‘ईझी हॅक्स’ हे त्याचं नाव. २०१० पासून तो चालू आहे, त्यातलं प्रत्येक काम, त्यावरची चर्चा आणि लागलेले पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) बगझिला या बगच्या नोंदवहीत कोणालाही वाचता येतात. ते वाचताना माझं एक मत पक्कं झालं: नवख्याला पेलेल असं काम यादीत आयतं पडलेलं नसतं. कोड जाणणाऱ्या माणसाला ते बसून घडवावं लागतं.

वारसा मिळालेला कोड

लिबरऑफिसचा कोड जन्माने जर्मन. स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि २००० मध्ये ते ओपनऑफिस डॉट ऑर्ग या नावाने खुलं केलं. कोड खुला झाला, पण दार अर्धवटच उघडलं. बाहेरच्या माणसाला आधी आपल्या कोडच्या कॉपीराइटमध्ये सनला वाटेकरी करून घेणाऱ्या करारावर सही करावी लागे. बदल पाठवायचा तर त्यासाठी ‘चाइल्ड वर्कस्पेस’ नावाची स्वतंत्र शाखा, तिची तपासणी, आणि मग मुख्य कोडमध्ये प्रवेश. कंपनीत पगारावर काम करणाऱ्याला हे चालून जाईल. रविवारी दुपारी दोन तास काढून एक चूक दुरुस्त करू पाहणाऱ्याला ते झेपणारं नव्हतं.

जानेवारी २०१० मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली. २८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिसच्या काही जुन्या मंडळींनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि लिबरऑफिस वेगळं झालं. त्यांच्या पदरात काय पडलं ते बघा: लाखो ओळींचा सी प्लस प्लसचा कोड, बऱ्याच भागात कोड समजावणाऱ्या जर्मन भाषेतल्या टिप्पण्या, कुठूनही न बोलावली जाणारी फंक्शन्स, एकाच कामासाठी दोन-तीन वेगवेगळे स्ट्रिंगचे क्लास, कोड साठवणाऱ्या अनेक भांडारांत (रिपॉझिटरींत) विखुरलेले भाग आणि वर्षानुवर्षं ठिगळं लावत आलेली बिल्डची, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवण्याची, यंत्रणा. हा कोड रोज लिहिणारे बहुतेक पगारी अभियंते तेव्हा ओरॅकलमध्येच होते. नवी माणसं लवकर आली नसती, तर हा प्रकल्प वर्षभरही टिकला नसता.

लिबरऑफिसच्या सुरुवातीच्या डेव्हलपरांपैकी एक मायकल मीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा घेतलेला निर्णय मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. कोड स्वच्छ करून मग लोकांना बोलवायचं, असं त्यांनी केलं नाही. अस्वच्छ कोडचीच त्यांनी कामं पाडली. कॉपीराइटचा करार काढून टाकला. त्याऐवजी ‘माझं योगदान प्रकल्पाच्या परवान्याखाली वापरता येईल’ अशा अर्थाचा एक साधा ईमेल पुरू लागला. २०१२ मध्ये पॅच तपासायला गेरिट ही ऑनलाइन यंत्रणा आली. आणि विकीच्या एका पानावर कामांची यादी लागली, तिचं नाव ‘ईझी हॅक्स’. पुढे ती बगझिलामध्ये गेली, म्हणजे प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची चर्चा मिळाली.

जर्मन टिप्पण्या आणि मेलेला कोड

पहिल्या लाटेतलं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे बग क्रमांक ३९४६८: कोडमधल्या जर्मन टिप्पण्यांचा इंग्रजीत अनुवाद करा, आणि निरुपयोगी असतील त्या काढून टाका. त्यासाठी जर्मन टिप्पण्या हुडकणारी एक छोटी स्क्रिप्ट कोडबरोबरच ठेवलेली होती. तिला एखादी डिरेक्टरी दाखवली की संशयास्पद ओळींची यादी ती समोर ठेवायची. सी प्लस प्लस न येणारा, पण जर्मन येणारा माणूस यात भाग घेऊ शकत होता. टिप्पणी बदलल्याने प्रोग्रामच्या वागण्यात काही बिघडण्याची भीती जवळपास नाही. एक फाइल करा, दहा करा. जेवढं केलं तेवढं पूर्ण.

यातला मला आवडणारा भाग म्हणजे शीर्षकातली दुसरी अट. ‘निरुपयोगी असतील त्या काढून टाका’ म्हटल्याबरोबर काम निव्वळ अनुवादाचं उरत नाही. ही टिप्पणी खालच्या ओळीत दिसतं तेच पुन्हा सांगते आहे का, हे ठरवायला खालची ओळ वाचावीच लागते. अनुवाद करायला आलेला माणूस असा नकळत कोड वाचू लागतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिबरऑफिस ४.० आलं, तेव्हा फाउंडेशनने जाहीर केलं होतं की तोवर २५,००० ओळींच्या जर्मन टिप्पण्या इंग्रजीत आल्या आहेत. ही टिप्पण्यांची मोजदाद झाली. त्या निमित्ताने बिल्ड कसा करायचा, पॅच कसा पाठवायचा, तपासणाऱ्याच्या सूचनेवर तो सुधारून पुन्हा कसा पाठवायचा, हे किती जण शिकले, ते कुठल्या आकड्यात दिसायचं नाही.

दुसरं काम मेलेल्या कोडचं. लिबरऑफिसचे डेव्हलपर केओलान मॅक्नमारा यांच्या ‘कॉलकॅचर’ या साधनाने कोणीही न वापरलेली फंक्शन्स शोधून त्यांची यादी एका मजकुराच्या फाइलमध्ये थेट भांडारातच ठेवली जाई. नवख्याने त्या यादीतलं एक नाव उचलायचं, ते फंक्शन खरंच कुठे वापरात नाही ना हे गिट ग्रेप या शोधाच्या आज्ञेने पाहायचं, काढून टाकायचं, बिल्ड करायचं. बिल्ड फुटला तर आपण कुठेतरी चुकलो. निघाला तर पॅच तयार. पटकन उत्तर मिळणं ही नवख्याची मोठी गरज असते आणि इथे कंपाइलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, ते उत्तर देत होता. मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) कोणाच्या उशाशी बसावं लागत नव्हतं. शिवाय एक फंक्शन काढलं की त्याच्यामुळेच जिवंत दिसणारं दुसरं फंक्शन पुढच्या वेळी यादीत यायचं, त्यामुळे कामाचा झरा आटत नव्हता.

दोन्ही कामांत एक खुबी सारखी आहे. प्रकल्पाला ती खरोखर हवी होती. नवख्याला गुंतवून ठेवायला म्हणून काढलेलं खोटं काम लोकांना लगेच कळतं, आणि असं काम केलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

नोंद लिहिण्याची कला

ईझी हॅकची नोंद साध्या बगपेक्षा वेगळी लिहिलेली असते. ‘ईझीहॅक’ या मुख्य खुणेबरोबर तीन प्रकारच्या खुणा लागतात. अवघडपणा: ‘बिगिनर’, ‘मीडियम’ किंवा ‘इंटरेस्टिंग’. लागणारं कौशल्य: सी प्लस प्लस, जावा, पायथन, स्क्रिप्ट, डिझाइन. आणि विषय: साफसफाई, युजर इंटरफेस, डीबगिंग वगैरे. तिसऱ्या पायरीला ‘अवघड’ न म्हणता ‘इंटरेस्टिंग’ म्हणणं मला मनापासून पटतं. दोन पायऱ्या चढून आलेल्याला तिथे पुढचं आमंत्रण मिळतं.

खुणा लावणं मात्र सोपं आहे, ते कुठल्याही प्रकल्पात होतं. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल तर नव्या भांडारात आधीच तयार असतं. लिबरऑफिसचा कस लागतो तो ‘कोड पॉइंटर’ या भागात. प्रघात असा आहे की कोणीही एखादा बग ईझी हॅक व्हावा असं सुचवू शकतो, पण तसं सुचवलं की त्याला ‘डेव्हलपरने तपासणं बाकी’ अशा अर्थाची खूण लागते. त्या भागाचा कोड जाणणारा कोणी येऊन बदल कुठे करायचा, कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या फंक्शनच्या आसपास, कशाला हात लावायचा नाही, हे लिहितो, तेव्हा तो बग खऱ्या अर्थाने ईझी हॅक होतो.

हे का महत्त्वाचं, ते लिबरऑफिसचं भांडार एकदा उघडलं की पटतं. लेखनाच्या रायटरचा कोड ‘एसडब्ल्यू’ नावाच्या डिरेक्टरीत, हिशेबतक्त्यांच्या कॅल्कचा ‘एससी’मध्ये, सादरीकरणाच्या इम्प्रेसचा ‘एसडी’मध्ये. पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणं सांभाळणारं ‘व्हीसीएल’, चित्रांच्या आकारांचं ‘एसव्हीएक्स’, मायक्रोसॉफ्टच्या नव्या फाइल वाचणारं ‘ओओएक्स’. मेनूतल्या एका शब्दावर क्लिक केल्यावर यांतल्या कुठल्या घरात आपण पोचतो, हे बाहेरून कळणं अशक्य. त्या कोडमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्याला ते डोळे मिटून सांगता येतं. त्याची पाच मिनिटं नवख्याचा आठवडा वाचवतात. सोपेपणा बदलाच्या आकारात कमी आणि आखून दिलेल्या हद्दीत जास्त असतो: इथून इथपर्यंत तुझं, पलीकडे बघायची आज गरज नाही. बदल चार ओळींचा असला आणि त्या चार ओळी कुठल्या हे शोधायला दोन लाख ओळी चाळाव्या लागल्या, तर त्याला सोपं कसं म्हणणार?

दोन कामं शेजारी ठेवून

एकाच ‘सोप्या’ गटातली दोन खरी कामं बघू.

पहिलं, बग १४७०२१. जुन्या काळी ॲरेमध्ये (एका प्रकारच्या घटकांच्या यादीत) किती घटक आहेत हे काढायला लिबरऑफिसमध्ये स्वतःचा एक मॅक्रो, म्हणजे कोडचा तयार संक्षेप, होता, ‘सॅल एन एलिमेंट्स’. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या प्रमाण आवृत्तीत तेच काम करणारं ‘एसटीडी साइझ’ हे फंक्शन आलं, त्यामुळे मॅक्रोची गरज संपली. काम काय, तर गिट ग्रेप करून मॅक्रो शोधायचा, त्या जागी प्रमाण फंक्शन घालायचं, वर योग्य हेडर जोडायचं, बिल्ड करायचं. दिसायला शोधा आणि बदला. पण करायला बसलं की बारकावे निघतात. नवं फंक्शन चिन्ह नसलेला पूर्णांक देतं, त्याची तुलना चिन्हासह असलेल्या पूर्णांकाशी झाली की कंपाइलर कुरकुरतो. कुठे सगळा लूपच ॲरेवर सरळ फिरणाऱ्या नव्या पद्धतीने लिहिला तर मोजणीची गरजच उरत नाही. असा एकेक धडा लहान जागेत, कोणाचं काही न बिघडवता मिळतो. आणि एकाच क्रमांकाखाली अनेकांनी काम करायचं असल्याने आधीचे मंजूर झालेले पॅच तिथेच दिसतात. कारण पॅच मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, की एक बॉट त्या बगखाली नोंद टाकतो: अमक्याने या कामाशी संबंधित बदल मुख्य शाखेत घातला, हा त्याचा दुवा. नव्याने येणाऱ्याला त्याहून चांगली गाइड मिळणार नाही.

दुसरं, बग ४२९८२. लिबरऑफिसला बाहेरून चालवण्यासाठी ‘यूएनओ’ नावाचा इंटरफेस आहे. मॅक्रो आणि स्क्रिप्ट लिहिणारे तो वापरतात. त्याच्या कोडमध्ये शेकडो ठिकाणी चूक झाली की नुसतं एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकलेलं असे, आत संदेश रिकामा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला कळायचं फक्त ‘काहीतरी चुकलं’. काम: त्या रिकाम्या जागी उपयोगी संदेश घाला. यांत्रिकपणे पाहिलं तर हे आधीच्या कामाहूनही सोपं, अवतरणचिन्हांत एक वाक्य लिहायचं. प्रत्यक्षात कितीतरी अवघड, कारण उपयोगी वाक्य लिहायला हे एक्सेप्शन कुठल्या परिस्थितीत फेकलं जातं आणि ज्याला ते दिसेल त्याला त्या क्षणी काय कळायला हवं, हे समजावं लागतं. न समजता लिहिलेला संदेश फंक्शनचं नावच पुन्हा सांगतो. बगच्या क्रमांकावरूनच दिसतं की हे काम २०११ सालचं आहे, आणि ते सहज संपण्यातलं नाही.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं काम पहिल्या आठवड्याला घ्यावं आणि दुसरं महिन्यानंतर. दोन्हीवर ‘बिगिनर’ लिहिलेलं असलं तरी पहिल्यात उत्तर कंपाइलर देतो, दुसऱ्यात उत्तर माणसाच्या समजेतून येतं. काम निवडताना मी इतर कुठल्याही खुणेआधी हे बघतो: मी केलेलं बरोबर आहे, हे मला कोण आणि किती लवकर सांगणार?

पायऱ्यांमधलं अंतर

ईझी हॅक्सची खरी परीक्षा दुसऱ्या पॅचनंतर सुरू होते. प्रॅग्मा वन्सचं काम (बग १४३१४८) घ्या. हेडर फाइल दोनदा आत येऊ नये म्हणून जुन्या पद्धतीत तीन ओळींचं कुंपण लिहावं लागे. त्याऐवजी एक ओळ लिहायची. पन्नास फाइलींत हे केलेल्या माणसाला गेरिट उत्तम येतं, पण लिबरऑफिसबद्दल जवळपास काहीच कळलेलं नसतं. तिथून ‘रायटरमध्ये तक्त्याची कडा चुकीच्या जागी उमटते’ या बगवर उडी मारायची म्हणजे मधल्या पायऱ्याच गायब.

ही दरी भरणारी काही कामं लिबरऑफिसमध्ये फार छान साधली आहेत. बग ४५९०४ हे त्यांतलं माझं आवडतं. यूएनओच्या जुन्या चाचण्या जावामध्ये लिहिलेल्या होत्या. त्या एकेक करून सी प्लस प्लसमध्ये आणायच्या. प्रत्येक चाचणीचा ढाचा ठरलेला, आधी आणलेल्या चाचण्या नमुन्याला समोर, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. तरी प्रत्येक चाचणी वेगळ्या इंटरफेसची असते, म्हणजे हा इंटरफेस काय वचन देतो हे दर वेळी वाचावंच लागतं. असं काम मनापासून करणाऱ्याला कॅल्कच्या आतल्या रचनेची ओळख आपोआप होते, तीही काही न मोडता.

दुसरं उदाहरण डायलॉग खिडक्यांचं. पूर्वी त्यांतल्या प्रत्येक बटणाची जागा आणि रुंदी आकड्यांत गोठवलेली असे. इंग्रजी शब्दाला बेतून आखलेल्या जागेत दुसऱ्या भाषेतला लांब शब्द मावत नसे आणि तुटलेला दिसे. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनाही हा जाच होताच. ४.० च्या सुमारास मजकुराप्रमाणे आपोआप मांडणी होणारी नवी पद्धत आली, आणि जुन्या शेकडो खिडक्या एकेक करून नव्या पद्धतीत आणायचं काम अनेकांनी वाटून घेतलं. इथे केलेलं काम डोळ्यांना दिसतं. आपल्या आईवडिलांना मशीनवर उघडून दाखवता येईल, असं. अशा कामाने माणूस प्रकल्पाशी बांधला जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

गर्दीचा हंगाम

लिबरऑफिस २०११ पासून गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्समध्ये नव्यांना काम देणाऱ्या कार्यक्रमात भाग घेत आलं आहे, आणि अर्ज करणाऱ्याने आधी ईझी हॅक सोडवून दाखवावा अशी प्रकल्पाची अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. पण त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये सोप्या कामांवर झुंबड उडते. भारतातल्या कॉलेजांतून या कार्यक्रमाला मोठ्या संख्येने अर्ज जातात, त्यात पुण्या-मुंबईची, नागपूर-सांगलीची मुलंमुलीही असतात. एकाच वेळी अनेकांनी काम मागितलं की दोन गोष्टी घडतात.

एक म्हणजे काम अडवून ठेवणं. उत्साहाने बग स्वतःच्या नावावर लावायचा, मग परीक्षा येते, बिल्ड होत नाही, माणूस गप्प होतो. नोंदीवर नाव असल्याने दुसरा कोणी हात लावत नाही. यावर लिबरऑफिसने काढलेला तोडगा साधा आहे: तीन महिने हालचाल नसली की ‘काम पुन्हा खुलं करत आहोत, तुम्ही अजून करत असाल तर परत स्वतःच्या नावावर घ्या’ असा निरोप टाकून नाव काढलं जातं. कोणाला दूषण नाही, स्पष्टीकरण मागणं नाही. आणि पुष्कळांनी मिळून करायच्या कामांवर कोणाचं नाव लावायचंच नसतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सोपी कामं संख्येने थोडी आणि तपासणारे त्याहून थोडे. यांत्रिक बदलाचे तीस पॅच एकाच आठवड्यात आले, तर तेवढा बदल तपासणाऱ्याने स्वतः एका संध्याकाळी केला असता. खरं तर लिबरऑफिसकडे क्लँग कंपाइलरवर चालणारी स्वतःची प्लगइन आहेत, आणि त्यांतली काही असे बदल सबंध कोडभर आपोआप करू शकतात. म्हणजे काही कामं मशीनने झाली असती, तरी ती माणसांसाठी शिल्लक ठेवली जातात. ही जाणूनबुजून केलेली गुंतवणूक आहे आणि मी तिच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: नवख्याने त्यातून शिकून पुढे सरकायला हवं. तेच सोपं काम ज्याने पंचवीस वेळा केलं त्याच्या यादीत पंचवीस पॅच दिसतात, मागून येणाऱ्यासाठी मात्र काम उरत नाही. अर्जाच्या धाकाने असं करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो की दोन सोपे आणि एक मधला पॅच हे पंचवीस सोप्यांपेक्षा जड भरतात.

कंपाइलरशिवायचं दार

आणखी एक अडचण लिबरऑफिसच्या आकारातून येते. साध्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड काही तास खातो, डिस्कवर कित्येक जीबी जागा लागते, आणि तो मध्येच फुटला तर नवखा तिथेच थांबतो. होस्टेलच्या वायफायवर नुसतं भांडार उतरवणंही जिकिरीचं. इथे कुठलंही सोपं काम कामाला येत नाही, कारण सोप्या कामाच्या आधीच मोठं काम उभं आहे.

यावरचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला उपाय ‘बिबिसेक्ट’. वेगवेगळ्या वेळी बिल्ड केलेल्या तयार लिबरऑफिसच्या प्रतीच गिटच्या भांडारांत साठवलेल्या असतात. एखादी गोष्ट आधी नीट चालायची आणि आता बिघडली, असा बग असेल तर त्या तयार प्रतींवर गिट बायसेक्ट चालवायचं. मधली प्रत उघडा, बघा, ‘बरी’ की ‘बिघडलेली’ ते सांगा. पुन्हा मधली प्रत. काही फेऱ्यांत बिघाड नेमक्या कुठल्या कमिटपाशी (नोंदवलेल्या बदलापाशी) सुरू झाला ते हाती लागतं. एकही फाइल कंपाइल न करता. भांडार उतरवायला डेटा लागतोच, पण त्यानंतर जुना लॅपटॉपही पुरतो. असे बग शोधायला वेगळी खूण आहे, आणि नेमका कमिट सापडला की त्या बदलाच्या लेखकाला थेट कळवता येतं. महिनोन्महिने पडून राहिलेला बग यामुळे हलतो.

मराठी माणसासाठी हे दार खास मोलाचं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरू लागलं, त्यामुळे देवनागरीची जोडाक्षरं विंडोज, मॅक आणि लिनक्सवर एकाच पद्धतीने जुळू लागली. पण रफार चुकीच्या अक्षरावर चढला, वेलांटी पुढच्या ओळीत गेली, कर्सर जोडाक्षराच्या मधोमध अडकला, हे लक्षात यायला देवनागरी रोज वाचणारे डोळे लागतात. बर्लिनमधल्या अनुभवी प्रोग्रामरला तो पडदा ठीकच दिसेल. ज्याला सी प्लस प्लसची एक ओळ येत नाही, पण ‘कर्तृत्व’ आणि ‘ऱ्हस्व’ नीट उमटले की नाही हे क्षणात कळतं, त्याने असा एक बग बिबिसेक्ट करून दिला तर ते नवख्याचं काम खरं, पण मुख्य डेव्हलपरांपैकी बहुतेकांना न जमणारं.

काम निवडताना, काम देताना

आज लिबरऑफिसची यादी उघडणाऱ्याने आधी बिल्ड पूर्ण करावा, किंवा बिबिसेक्टची वाट धरावी, बग मागाहून. मग नोंदीचं वर्णन वाचून थांबू नये, खालपर्यंत जावं. शेवटची टिप्पणी कधीची आहे, कोणी अडखळून परत गेला असेल तर कशाने, शेवटचा मर्ज झालेला पॅच कसा दिसतो, तपासणाऱ्याने त्यात काय सुधारायला लावलं, हे सगळं तिथेच आहे. काम हातात घेण्याआधी ‘हे मी करू का?’ असं विचारत बसण्याची इथे गरज नसते. अर्धवट का होईना, पॅच गेरिटवर टाकला की संवाद त्या पॅचभोवती होतो आणि तो पुष्कळ नेमका होतो.

आणि स्वतःचा लहानसा प्रकल्प चालवणाऱ्यांसाठी. आपल्याकडे मराठी टंक, शब्दकोश, स्पेलचेकर, शाळांसाठीची ॲप अशी कामं दोन-तीन माणसांच्या बळावर चालतात, त्यांना लिबरऑफिसएवढी यंत्रणा उभी करणं शक्य नाही. फाउंडेशन नव्या डेव्हलपरांना हात देण्यासाठी पगारी माणूस ठेवू शकतं, तुम्ही नाही. पण कोड पॉइंटर लिहायला पगार लागत नाही. पुढच्या वेळी दहा मिनिटांची दुरुस्ती दिसली आणि ती तातडीची नसली, तर ती करू नका. फाइलचं नाव, फंक्शनचं नाव, अपेक्षित बदल, तो बरोबर झाला हे कसं तपासायचं, आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं लिहून नोंद टाका. महिनाभर कोणी आलं नाही तर खुशाल स्वतः करा. कोणी आलं, तर त्याचा पॅच त्याच दिवशी बघा, निदान ‘मिळाला, रविवारी बघतो’ एवढं तरी लगेच कळवा, आणि मर्ज करताना त्याच्यासाठी पुढचं काम आधीच लिहून ठेवलेलं असू द्या.